फुंकणीची साक्ष

दहावीच्या परीक्षेत कॉपी पकडणारी बाई म्हणून शिरोळ तालुक्यात माझी ख्याती आहे. पोरं माझ्या मागं मला काय म्हणतात ते मला ठाऊक आहे आणि त्याचं मला काही वाटत नाही. ज्याच्या खिशात चिठ्ठी असते त्याचा हात सारखा खिशाकडं जातो, आणि ज्याच्या मोज्यात असते तो तीन तास पाय हलवत नाही. चोवीस वर्षं मी हे बघत आले. तेव्हा घरात कुणी काही लपवत असेल तर ते आपल्याला कळणारच, अशी माझी खात्री होती.

मी त्रिशला आवटी. नवरा श्रीपाल, जयसिंगपूरच्या औद्योगिक वसाहतीत भागीदारीत लेथचं वर्कशॉप चालवतात. त्यांना मी घरात ‘अहो’ म्हणते, इथं ‘हे’ म्हणेन. घरात सासूबाई, म्हणजे आमच्या आत्ती, बारावी सायन्सची लेक चंदना, आणि मागच्या गोठ्यात बिजली नावाची म्हैस. ह्यांना आठ वर्षांपासून साखर आहे. श्रावण संपता संपता डाव्या पायाची बोटं बधिर व्हायला लागली, तेव्हा डॉक्टर कणेगावकर बाईंनी सांगितलं, “धान्य बंद करा. पोळी, भात, भाकरी, साखर, गूळ, सगळं. नाहीतर दोन वर्षांनी आपण पायाबद्दल वेगळं काहीतरी बोलत असू.”

त्यांनी आहाराचा छापील कागद दिला. त्यात पहिल्या चार ओळी अंडी, चिकन आणि माशांच्या होत्या. आम्ही जैन, आमच्या घरात बटाटासुद्धा येत नाही. मी पेन घेऊन एकेक ओळ खोडत गेले. शेवटी उरलं पनीर, दही, ताक, तूप, शेंगदाणे आणि पालेभाज्या. म्हणजे थोडक्यात बिजली आणि थोडा पाला.

पर्युषणात गावात आलेल्या मुनिमहाराजांसमोर जाऊन ह्यांनी नियम घेतला. पुढच्या पर्युषणापर्यंत धान्य आणि साखर वर्ज्य. आमच्यात नियम म्हणजे तोंडची गोष्ट नसते. त्याला मुदत असते, आणि मुदत संपेपर्यंत माणूस तो मोडत नाही. हे मला आत्तींकडून कळलं. ह्यांना आपल्या नियमाची जाहिरात करायची सवय नाही.

त्यानंतर एका ओट्यावर दोन स्वयंपाक सुरू झाले. चंदनाला पोळी-आमटी-भात, आत्तींना शाळूची, म्हणजे ज्वारीची भाकरी, ह्यांना तुपातलं पनीर आणि शेपूची भाजी. आम्ही दिवस मावळायच्या आत जेवतो. माझी शाळा सुटते पाच वाजून दहा मिनिटांनी. थंडीत सूर्य माझ्यासाठी थांबत नाही. पदर खोचून मी पोळ्या लाटायची, आणि शेजारच्या कढईत ह्यांचं पनीर लागायचं. गरम पोळीचा वास घेत हे शेपू चावत बसायचे. मला कधी त्यांची कीव यायची, कधी रागही यायचा, कारण कौतुक त्यांचं व्हायचं आणि दोन भांडी जास्त मी घासायची.

फुंकणी आली ती ह्यांनी नियम घेतला त्याच आठवड्यात. दवाखान्याच्या योजनेत अशी यंत्रं घरोघर देत होते. हातभर नळी, तिच्या टोकाला काचेचा डोळा आणि बाजूला पडदा. तिचं कंपनीचं नाव मोठं होतं, पण आत्ती म्हणाल्या, “ही तर फुंकणी,” आणि तेच नाव पडलं. जेवणानंतर दोन तासांनी तिच्यात फुंकायचं, की पोटात काय गेलंय ते ती सांगायची.

मला हे पटेना. मग चंदनानं समजावलं.

“आई, कार्बन दोन तऱ्हांचा असतो. बहुतेक सगळा हलका, आणि शंभरात एखादा जरासा जड. ऊस, जोंधळा, बाजरी, मका ही उन्हाची पिकं हवेतला कार्बन वेगळ्या रीतीनं घेतात, म्हणून त्यांच्यात जड कार्बन थोडा जास्त सापडतो. गहू, तांदूळ, डाळी, पालेभाज्या, यांच्यात कमी. आपण खातो ते शरीरात जळतं आणि त्याचा कार्बन श्वासातून बाहेर पडतो. नळीतला लेझर तो मोजतो.”

“आणि गव्हाची पोळी खाल्ली तर?”

“त्याचा तिला वेगळा हिशोब आहे, तो जरा ढोबळ निघतो. पण जोंधळा आणि साखर ती अचूक पकडते. त्यांचा शिक्काच असतो श्वासावर.”

शिक्का म्हटल्यावर मला फुंकणी आवडली. इतकी वर्षं मी पोरांचे हात बघून ताडत होते, आणि ही थेट आत बघत होती.

दोन महिने सगळं हिरवं होतं. पडद्यावर रोज ‘धान्य: नगण्य’. ह्यांचं पाच किलो वजन उतरलं. बोट टोचून रक्त बघायचं जुनं यंत्र कपाटात गेलं. त्याच्या पट्ट्या संपल्या, त्या मी पुन्हा आणल्या नाहीत. दवाखानाच म्हणत होता, आता त्याची गरज नाही.

दिवाळी झाली. साखर कारखान्यांचे बॉयलर पेटले, रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या लागल्या. आणि कार्तिकातल्या एका मंगळवारी पडदा पिवळा झाला. ‘ज्वारी, ऊस किंवा मका. अंदाजे तीस ग्रॅम.’ आठवड्यानं साठ. मग लाल. ‘नव्वद ग्रॅम.’

मी पहिल्या दिवशी गप्प बसले. कॉपीवाल्याला पहिल्या चिठ्ठीला पकडायचं नसतं, तो सावध होतो. मी नुसती बघत राहिले.

बघायला लागलं की दिसायला लागतं. हे रोज सकाळी धार काढायला गोठ्यात जातात. त्यांच्या मागोमाग आत्ती झाकलेली पितळी घेऊन जायच्या आणि रिकामी घेऊन यायच्या. कपडे भिजवताना ह्यांच्या शर्टाच्या खिशात मला भाकरीचा चुरा सापडला. शाळूची भाकरी, कडेचा पापुद्रा. मी तो कागदात बांधून ठेवला. चोवीस वर्षांत मी जप्त केलेल्या चिठ्ठ्या अशाच ठेवत आलेय.

शिवाय वास. ह्यांच्या तोंडाला वास यायला लागला होता. नेलपॉलिश पुसायच्या पाण्यासारखा, जास्त पिकलेल्या फळासारखा. असली बाटली आमच्या घरात नाही. वर्कशॉपशेजारी केळीवाला बसतो, तो मी हेरून ठेवला. त्याच्यापलीकडं ब्यूटी पार्लर आहे, आणि खरं सांगते, दोन दिवस माझं मन तिथंही जाऊन आलं. वय बावन्न, पायाची बोटं बधिर, तरी जाऊन आलं.

एका रविवारी दुपारच्या जेवणानंतर मी कागदाची पुडी ह्यांच्यासमोर ठेवली.

“हे काय?”

“तुमच्या खिशात होतं.”

ह्यांनी चुरा बोटानं पसरला. “बिजलीला घालतो मी. धार काढताना ती लाथा झाडते, भाकरी दिली की गप उभी ऱ्हाते. आई शिळी भाकरी आणून देती.”

“आणि फुंकणी नव्वद ग्रॅम दाखवती, ते बी बिजलीच खाती व्हय?”

“फुंकणीचं मला माहीत न्हाई.”

“दहा वर्षांचं पोरगं बी यापेक्षा बरं कारण सांगतं.”

आवाज चढवायचा ह्यांचा स्वभाव नाही. “त्रिशला, मी नियम घेतलाय.”

“तेच म्हणते मी. नियम घेऊन असं करायचं?”

आत्ती मधे पडल्या. “अगं, माझं पोरगं महाराजांपुढं खोटं बोलंल? इतक्या वर्षांत तुला त्येचा स्वभाव कळला न्हाई?”

“तुम्ही पितळी झाकून का नेता आत्ती?”

“माश्या बसत्यात म्हणून,” आत्ती म्हणाल्या आणि डोळ्यांना पदर लावून आत गेल्या. आईला लेकाची दया येते, ती चोरून घास देते, नंतर दोघं मिळून शपथ घेतात. हे मला इतकं स्वच्छ दिसत होतं की त्यांचं रडणंसुद्धा मला पुरावा वाटलं.

त्यानंतर हे फुंकायचे, पण पडद्याकडं बघायचे नाहीत. नळी ओट्यावर ठेवून निघून जायचे. जेवताना आमचं बोलणं मीठ वाढण्यापुरतं उरलं. चंदना ताटावर वाकून जेवायची आणि उठायची.

आता गोळीचं सांगते, कारण सगळं तिथंच घडलं. साखर उतरवणारी गोळी हे सकाळी अर्धी घ्यायचे. धान्य सुटल्यामुळं डॉक्टरांनी ती अर्ध्यावर आणली होती. पण फुंकणीत लाल दिसलं की खाली ओळ यायची: ‘उद्या अर्धी गोळी जादा घ्यावी.’ योजनाच तशी होती. मी ती ओळ ह्यांना वाचून दाखवली.

“मी खाल्लंच न्हाई, तर जादा गोळी कशाला घेऊ?”

“मग पाय गेल्यावर घेणार काय?”

“न्हाई घेणार,” हे म्हणाले. त्यांनी गोळ्यांचा डबा माझ्या हातातून काढून कपाटात ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी खलबत्त्यात अर्धी गोळी कुटली आणि ह्यांच्या ताकात टाकली. वर जिरं, हिंग, सैंधव. ताक नेहमीपेक्षा चविष्ट लागावं म्हणून कोथिंबीरसुद्धा घातली. हे पेला रिकामा करून म्हणाले, “आज ताक चांगलं झालंय.” मला बरं वाटलं. ते मला फसवतात, पण मी त्यांचा पाय वाचवतेय, असं मी स्वतःला सांगितलं आणि ते मला खरंच पटलं. पुरते अकरा दिवस पटत होतं.

बाराव्या दिवशी, शाळेत तिसऱ्या तासाला, ह्यांच्या भागीदाराचा, अजितभाऊंचा फोन आला. “वहिनी, श्रीपाल लेथवर उभ्या उभ्या कोसळला. मशीन बंद केलंय मी. हात लागलाय जरा. दवाखान्यात या.”

मी पोचले तेव्हा सलाईन चालू होतं. डाव्या करंगळीचं वरचं पेर गेलं होतं. लेथ आधी बंद झाली म्हणून तेवढ्यावर भागलं, असं अजितभाऊ तीनदा म्हणाले. ह्यांच्या कपाळावर घाम वाळून पांढरा झाला होता. कणेगावकर बाई कागद घेऊन आल्या.

“साखर अडतीस झाली होती. एवढी खाली कशी? फुंकणीत तर रोज नव्वद ग्रॅम दिसतंय.”

“खातात हो ते, चोरून,” मी म्हणाले.

बाईंनी ह्यांच्यावर वाकून वास घेतला. “हा वास किती दिवस येतोय?”

“महिना झाला.”

“शरीर धान्याऐवजी तूप आणि चरबी जाळायला लागलं की असा वास येतो. रक्तातही तेच दिसतंय.” बाईंनी कागद माझ्यासमोर धरला. “नव्वद ग्रॅम खाणाऱ्याच्या तोंडाला हा वास येत नाही, बाई. या माणसाच्या पोटात महिनाभर धान्याचा कण गेलेला नाही. यंत्र काय बघतंय ते मला माहीत नाही. त्यांनी गोळी किती घेतली?”

पलंगावरून हे पुटपुटले, “अर्धीच.”

मी बाईंच्या मागं बाहेर गेले आणि व्हरांड्यात त्यांना सगळं सांगितलं. सांगताना माझा आवाज परीक्षेत सापडलेल्या पोरांसारखा येत होता.

“चूक आमच्या यंत्राचीही आहे, ते मी वर कळवते,” त्या म्हणाल्या. “पण ताकाचं तुम्ही त्यांना सांगायचं. मी सांगणार नाही.”

मी लगेच सांगितलं नाही. आधी मला फुंकणीचं खोटं पकडायचं होतं. खरं म्हणजे दोष टाकायला मला दुसरं कुणीतरी हवं होतं. हे घरी आले, आणि पुढचे सहा दिवस मी फक्त ह्यांच्या ताटातलं खाल्लं. पनीर, तूप, दही, पालेभाजी. पोळीचा वासही घेतला नाही. डोकं दुखलं, पाय लटपटले, शाळेत फळ्याचा आधार घ्यावा लागला. चौथ्या दिवशी चंदनानं मला आरशासमोर तोंड उघडायला लावलं. तोच वास.

सातव्या दिवशी मी फुंकलं.

‘ज्वारी, ऊस किंवा मका. अंदाजे पंच्याऐंशी ग्रॅम.’

मी मागच्या दारात येऊन बसले. मी खाल्लं नव्हतं. माझ्यावर नजर ठेवायला घरात कुणी नव्हतं, तरी मी खाल्लं नव्हतं, आणि यंत्र मला चोर म्हणत होतं. हे माझ्या नवऱ्याला महिनाभर कसं वाटलं असेल ते मला तेव्हा, त्या पायरीवर, कळलं.

समोर आत्ती बिजलीला वैरण घालत होत्या. उसाच्या तोडीतून आणलेलं वाढं, उसाचे हिरवे शेंडे, भाराच्या भार. पावसाळ्याअखेर बिजलीला भुईमुगाचा पाला आणि लसूणघास असायचा. हंगाम सुरू झाला की तालुक्यातली सगळी जनावरं वाढ्यावर येतात, कारण ते फुकट मिळतं. वर कडबा, आणि धारेच्या वेळी शाळूची शिळी भाकरी.

“चंदना,” मी हाक मारली. “म्हशीनं ऊस खाल्ला तर तो जड कार्बन कुठं जातो?”

चंदना दारात आली. तिनं वाढ्याच्या भाऱ्याकडं बघितलं. “दुधात,” ती सावकाश म्हणाली. “दुधातून तुपात, पनीरमधे. आई, पप्पा फक्त तेच खातात. आपण दोघी एरवी पोळी-भात जास्त खातो, आपल्या श्वासात ते एवढं दिसलं नसतं.”

म्हणजे जितका नियम कडक, तितका पडदा लाल. यंत्र जिथं बनलं तिथली जनावरं कसलं गवत खातात कोण जाणे. आमच्याकडची म्हैस ऊस खाते, हे ते बनवणाऱ्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मला सांगायची गरज नव्हती. मी रोज ते वाढं बघत होते, त्यातून वाट काढत कपडे वाळत घालत होते. आणि ह्यांनी तर मला शब्दशः सांगितलं होतं की भाकरी बिजली खाते.

हे ओसरीवर हाताला पट्टी बांधून बसले होते. मी जाऊन वाढ्याचं सगळं सांगितलं. ऐकता ऐकता ते हसायला लागले. महिन्याभरात पहिल्यांदा. “म्हणजे बिजलीनं खाल्लं आणि मी सापडलो,” ते म्हणाले. आत्ती हसल्या, चंदना हसली. मी आत्तींच्या पाया पडले, त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. इथं थांबता आलं असतं. हे पुन्हा माझ्याशी बोलत होते, आणखी काय हवं होतं?

पण आत्ती बिजलीकडं आणि चंदना अभ्यासाला गेल्यावर हे म्हणाले, “एक कळंना. गोळी तर मी अर्धीच घेत होतो. मग साखर एवढी उतरली कशी?”

विचारताना त्यांच्या मनात काही नव्हतं. मला माणसाचं तोंड वाचता येतं, ते तोंड स्वच्छ होतं. मी म्हणाले, “मी घालत होते. ताकात.”

“काय?”

“अर्धी गोळी. कुटून.”

“किती दिवस?”

“अकरा.”

ह्यांनी पट्टीच्या हाताकडं बघितलं, मग माझ्याकडं. “कोथिंबीर त्येच्यासाठी होती व्हय,” ते म्हणाले. मी मान हलवली. ते उठून गोठ्यात गेले आणि जेवायची वेळ होईपर्यंत तिथंच बसून राहिले. मला वाटलं होतं ओरडतील. ओरडले असते तर मला सोपं गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघरात आले तर हे रवी घेऊन ताक घुसळत होते. दोरी ओढताना दुखऱ्या करंगळीला हिसका बसत होता.

“द्या इकडं. मी करते.”

“नको. नियम घेतलाय,” हे म्हणाले. “माझं ताक मीच करायचं.”

नियमापुढं आमच्यात कुणी बोलत नाही. मुदत किती, असं विचारायचं माझ्या ओठांवर आलं आणि तिथंच राहिलं.

पौषात कंपनीचा माणूस येऊन फुंकणी दुरुस्त करून गेला. आता फुंकायच्या आधी पडद्यावर प्रश्न येतो: ‘घरचे जनावर सध्या काय खाते?’ चंदना ‘वाढं’ लिहिते, हे फुंकतात, आणि पडदा हिरवा होतो. ‘धान्य: नगण्य.’ हे पडद्याकडं अजूनही बघत नाहीत. बोट टोचायच्या पट्ट्या मी आणून ठेवल्यात, त्या ते स्वतः वापरतात. पायाच्या बोटांना आता चटका कळतो. डॉक्टरांनी गोळी पूर्ण बंद केली.

ताक मात्र ते रोज घुसळतात, आपल्यापुरतं, एक पेला.

परवा मी शाळेतून आले तेव्हा ओट्यावर दोन पेले होते. दिवस मावळायला अर्धा तास होता, पोळ्या व्हायच्या होत्या. ह्यांनी एक पेला माझ्यापुढं सरकवला. “घे. दमलीस.”

मला फार आनंद झाला. मी पेला उचलला. आणि तोंडाला लावायच्या आधी, न ठरवता, मी त्याचा वास घेतला.

हे समोरच उभे होते. त्यांनी ते बघितलं. मग त्यांनी आपला पेला घेतला आणि पीत पीत गोठ्याकडं गेले.